होही नाही, नाहीही नाही

"हे लोणी फ्रिजमधून आत्ता काढलं का कुणी? दगड झालाय नुसता. पाव फाटतोय," हेझेल कानाशीच कुरकुरली, आणि डिम्फ्नाच्या हातातल्या स्लाइसला खरोखरच मधोमध भोक पडलं. बोटाच्या पेराएवढं, आरपार. खालच्या लाकडी फळीवरची एक जुनी चीर त्यातून दिसत होती, आणि ती त्या चिरेकडे बघत राहिली, कारण चिरेकडे बघत असलं की दुसरीकडे कुठे बघावं लागत नाही... पलीकडे सभागृहात खुर्च्या सरकत होत्या. कुणीतरी माइकवर फुंकर मारून बघत होतं.

"बाजूला ठेव तो," हेझेल म्हणाली. "मंत्र्याच्या बशीत घालू. भोकातून नीट बघून घेईल आपल्याला."

डिम्फ्ना हसली. हसायचं ठरवलं नव्हतं, पण हेझेल बेग्जचं हे असंच — जीव अगदी घशाशी आलेला असताना ही बाई सुरी पुसत पुसत काहीतरी बोलणार, आणि आपण हसणार, आणि हसल्याबद्दल मग दिवसभर स्वतःवर चिडणार.

सकाळी कुत्रं येऊन गेलं होतं. काळं, तुकतुकीत, फार शिस्तीचं. त्याने व्यासपीठ हुंगलं, खुर्च्यांचे पाय हुंगले, मेरीमातेच्या पुतळ्याचा चौथरा हुंगला, आणि स्वयंपाकघरात येऊन हॅमच्या डब्यापाशी जरा जास्तच रेंगाळलं. त्याच्या मागून आलेल्या दोन तरुणांनी चहाच्या पिंपाचं झाकण उघडून आत डोकावून पाहिलं. उत्तर आयर्लंडमध्ये लंडनचा मंत्री चहाला येणार म्हणजे आधी चहाची झडती होणार, हे ड्रमशॅनीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, त्यामुळे दोघी अॅप्रनला हात पुसत मुकाट बाजूला उभ्या राहिल्या. नुसती हेझेल म्हणाली, "साखर तळाशी असते, बाळा. हात घालून बघ." पोरगा लाजला. पोरगंच होतं. डिम्फ्नाचा भाऊ युजीन गेला तेव्हा याची आईसुद्धा शाळेत असेल.

मग ती लंडनची मुलगी आली, गळ्यात ओळखपत्र, आवाज मधासारखा. मंत्रिमहोदय आज ऐकायला आलेत, म्हणाली. वैयक्तिक प्रकरणांवर मात्र ते बोलू शकणार नाहीत.

"मग कशावर बोलणार?" हेझेलने विचारलं. "पावसावर?"

"सगळ्यांच्या भावना ते समजून घेतील," मुलगी म्हणाली, आणि खरं सांगायचं तर तिचा राग यावा असं तिच्यात काही नव्हतं, आणि म्हणूनच तिचा फार राग आला.

ऐकायला येतात. आजवरचे सगळेच ऐकायला आले होते. एक यायचा, मान तिरकी करून ऐकायचा, डोळे ओले करायचा, आणि लंडनला परत जाऊन दुसऱ्या खात्यात बढतीवर जायचा. मग दुसरा यायचा, पुन्हा पहिल्यापासून ऐकायला. इतकं ऐकलेलं जातं कुठे? एखाद्या तळघरात साठवून ठेवत असतील का, बटाट्यांसारखं, कोंब फुटेपर्यंत...

तिने कडा कापायला घेतल्या. इथे शेजाऱ्यापाजाऱ्यांना पाव कडांसकट देतात. बिशप आला तर कडा कापतात. लंडनच्या मंत्र्याचं काय करायचं यावरून काल बायकांच्यात अर्धा तास वाद झाला होता. "दात आहेत त्याला," हेझेलचं म्हणणं. ठरलंही तसंच — कडा ठेवायच्या. आणि तरी सुरी चालली होती, चारी बाजूंनी, स्वच्छ, सरळ. माझा हात माझं ऐकत नाही, डिम्फ्नाच्या मनात आलं. आज जिभेने तरी ऐकावं.

कारण आज तिला एक प्रश्न विचारायचा होता. मारल्या गेलेल्यांच्या सगळ्या कुटुंबांनी मिळून तिला निवडलं होतं. टोनरांची डिम्फ्ना, तिला बोलता येतं, ती रडत नाही, ती इतकी वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवते आहे. एकच प्रश्न, आणि तो सगळ्यांच्या वतीने. प्रश्न जुनाच होता: तिचा भाऊ युजीन गवताच्या शेडपाशी पोहोचला तेव्हा ब्रिटिश सैनिक आधीपासून आत दबा धरून बसले होते. त्यांना कुणी सांगितलं? तुमचा माणूस कोण होता?

युजीन काही देवदूत नव्हता. शेडमध्ये पुरलेली बंदूक आणायला गेला होता, आणि ती काही भिंतीवर टांगायला आणायची नव्हती — हे डिम्फ्नाने वर्तमानपत्रवाल्यांना कधी सांगितलं नाही आणि स्वतःपासून कधी लपवलं नाही. पण तो एकटा होता, हातात फावडं होतं. पकडता आलं असतं. दहा माणसं एकाला पकडू शकतात, एवढं गणित तिलाही येत होतं. मग मारला कशासाठी? सगळी चौकशी एवढ्यासाठीच होती, आणि ती चौकशी किती वर्षं कोर्टात लोळत पडली होती. न्यायाधीश विचारायचे, सरकारी वकील उठायचा, आत जाऊन सल्ला घेऊन यायचा आणि म्हणायचा, राष्ट्राच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, तुमचा माणूस होता का याला आम्ही होही म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. मग पुढची तारीख. असं चालता चालता लंडनने एक कायदाच करून टाकला आणि सगळ्या चौकश्यांची दारं एका फटक्यात लावून घेतली. आता नवं सरकार, नवा मंत्री. दार किलकिलं करू म्हणतोय. करू. बघू. ऐकू.

मागच्या दाराने डोनल आत आला. इथला आमदार, बेलफास्टच्या विधानसभेत बसतो, शाळेत तिच्या दोन वर्ग मागे होता. येताच एक सँडविच उचललं.

"पाहुण्यांसाठी आहेत ती," डिम्फ्ना म्हणाली.

"मी कोण मग? घरचा?" तोंड भरलेलं. "ऐक ना. प्रश्न छोटा ठेव. आणि जरा सौम्य. हा माणूस त्यातल्या त्यात बरा आहे."

"तूच विचार ना मग. निवडून दिलाय तुला."

"अगं, आमच्या हातात असतं तर... हा राखीव विषय. लंडनचा."

राखीव. किती सोयीचा शब्द. रस्त्यातले खड्डे आमचे, शाळा आमच्या, इस्पितळाच्या रांगा आमच्या, गायींची औषधं आमची. मेलेली माणसं तेवढी लंडनची. सत्ता वाटून दिली तेव्हा घरातली भांडी वाटावीत तशी वाटली. पातेली तुमच्याकडे ठेवा, पण हे एक कपाट आहे ना, त्याची किल्ली आमच्यापाशी राहील. आणि डोनलसारखी माणसं त्या कपाटाला पाठ लावून उभी, बाहेर बघत हसत, जणू मागे कपाट नाहीच. बरं आहे त्याचं. त्याला खरंच उघडायला हवंय का? — आणि तुला?

तिने सुरी खाली ठेवली.

हा दुसरा आवाज अलीकडे फार यायला लागला होता. वसंतापासून.

मालाकी वसंतात गेला. तिचा मोठा भाऊ, टोरांटोला, फुप्फुसाच्या दुखण्याने. युजीनच्या मृत्यूनंतरच्या हिवाळ्यात तो घरातून निघाला होता आणि परत आला नव्हता; दर रविवारी आईला फोन करायचा आणि दोघं बर्फाबद्दल बोलायचे. शव आणणं काही शक्य नव्हतं. पण भेटायला येणाऱ्यांसाठी घर उघडं ठेवायचं असतं, म्हणून ठेवलं. भिंतीशी खुर्च्या, कोपऱ्यात मालाकीचा फोटो, मेणबत्ती, आणि चहा, सँडविच, केक, हॅम... इथली रीत अशी की माणूस आत येतो, घरच्यांच्या ओळीसमोरून जातो, प्रत्येकाचा हात हातात घेऊन म्हणतो, "तुमच्या दुःखाचं वाईट वाटतं" — तेवढंच, शब्द बदलायचे नाहीत, वाढवायचे नाहीत — आणि मग बसतो. चहा घेतो. बसणं महत्त्वाचं. बसतो, चहा घेतो, मेलेल्याची एखादी गंमत सांगतो, आणि घर पुन्हा जरा घर होतं.

सगळं गाव आलं होतं. कुणी म्हणजे कुणी राहिलं नाही. हात हातात घेतले, शब्द म्हटले... आणि निघाले. दूध काढायचं राहिलंय, मुलं गाडीत आहेत, मग येतो पुन्हा. एकही माणूस चहाला बसला नाही. सँडविचच्या कडा दुपारपर्यंत वर वळून आल्या. आई भिंतीशी ताठ बसून होती आणि चहा ओतायला उभी असलेली डिम्फ्ना किटली भरून ठेवत होती, ओतून टाकत होती, पुन्हा भरत होती.

फक्त हेझेल बसली. दुपारभर. तीन कप चहा प्यायली, आणि टोरांटोत घरं केवढ्याला मिळतात ते विचारत राहिली. ती प्रोटेस्टंट, तिच्यात ही रीत नाही. तिला कळलंच नसेल की बाकीचे का निघतायत... की कळलं होतं, म्हणूनच बसली? हे डिम्फ्नाला अजून ठरवता आलेलं नव्हतं आणि विचारता तर मुळीच नव्हतं.

इथे माणसं एकमेकांच्या गायीचीसुद्धा चौकशी करतात. विहीण कशी आहे, गुडघा कसा आहे, बटाटे कसे आलेत. पण मालाकी कसा आहे, हे इतक्या वर्षांत तिला कुणी विचारलं नव्हतं. चर्चच्या दारात नाही, दुकानात नाही. त्याचं नाव येईल असं वाटलं की बोलणं वाटेत खड्डा असावा तसं वळसा घालून पुढे जायचं. आणि एक शब्द तर इथे कुणी तोंडातून काढतच नाही; त्या शब्दापायी माणसं सीमेजवळच्या रस्त्यांवर पडलेली सापडली आहेत, डोक्यावर पिशवी घातलेली. तोही तिने कधी उच्चारला नव्हता. मनातसुद्धा नाही. मनात ती "तुमचा माणूस" म्हणायची.

...मालाकीला त्या उन्हाळ्यात पोलिसांनी उचलून नेलं होतं. त्या काळी घरटी एक तरी पोरगा उचलला जायचा आणि परत यायचा तेव्हा ओळखू यायचा नाही — सुजलेला, हात थरथरणारा. मालाकी आठवड्याने आला तो चालत, केस विंचरून. भांग पाडलेला. आई त्याला मिठी मारून रडली आणि डिम्फ्ना त्या भांगाकडे बघत राहिली. कुणी पाडून दिला असेल? तुरुंगात कंगवा देतात?

गप्प बस, तिने स्वतःला सांगितलं. अंडी किस.

आणि त्याच वर्षीचा शरद. हेझेलचे वडील दुधाची गाडी चालवायचे, आठवड्यातून तीन संध्याकाळी पोलिसाचा गणवेश घालायचे. सकाळी अंगणात गाडी सुरू करताना त्यांना मारलं — युजीनच्या संघटनेतल्या लोकांनी. युजीनने? ठाऊक नाही. कधी विचारलं नाही त्याला. विचारायला सहा महिनेसुद्धा मिळाले नाहीत. आई म्हणाली होती, शेजारी आहेत, मी जाणार. केक केला. मालाकीने गाडी चालवली, डिम्फ्ना मागे बसली होती. बेग्जांच्या फाटकाशी आई उतरली, एकटी चालत गेली, कॅथलिक बाई पोलिसाच्या दारात, सगळे बघतायत... आणि मालाकी उतरला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, इंजिन सुरू, समोर बघत. "ये ना," ती म्हणाली. तो म्हणाला, "मी नाही जाऊ शकत आत." नाही जात, असं नाही म्हणाला. हा फरक तिला त्या दिवशी कळला नव्हता. आता, अंड्यात कांदा कालवताना कळतो, रोज कळतो...

कारण मालाकी उन्हाळ्यातच त्यांचा झाला असेल, तर शरदात त्याला काय माहीत होतं? आणि त्याला जे माहीत होतं ते लंडनला माहीत होतं का? आणि माहीत असूनही बेग्जांच्या अंगणात कुणी आलं नाही, ते आपला माणूस उघडा पडू नये म्हणून?

म्हणजे आज व्यासपीठासमोर उभं राहून मी जे दार ठोकणार, त्या दारामागे हेझेलचा बाप आहे. आणि माझा भाऊ. आणि ही बाई माझ्या शेजारी उभी राहून पावाला लोणी लावतेय.

दोघींची खरी ओळख कोर्टाच्या व्हरांड्यातच झाली होती, यंत्रातल्या भयंकर सूपवरून. एकीच्या भावाची चौकशी, दुसरीच्या बापाची. लंडनने दोन्ही एकाच दिवशी बंद केल्या, तेव्हा हेझेल म्हणाली होती, "बघ, आपल्याला एकत्र आणायला पाद्री थकले, शाळा थकल्या. सरकारने एका सहीत केलं."

"आले," हेझेल म्हणाली.

अंगणात गाड्यांची दारं वाजली. पुढच्या बाजूला फलक धरून काही माणसं उभी होती म्हणून मंत्र्याला मागून आणत होते, स्वयंपाकघरातून. डिम्फ्नाने याची तयारी केली होती. महिनाभर मनात घोकलं होतं. हात द्यायचा नाही. ट्रे दोन्ही हातांत धरायचा, म्हणजे प्रश्नच नाही. ती ट्रेकडे वळली. ट्रे हेझेल घेऊन गेली होती, टेबलाच्या पलीकडे.

आणि तो आत आला. शोकाच्या घरी शेजारी येतात तसा, मागच्या दाराने, डोकं किंचित वाकवून. उंच, थकलेला, छान कोट. सरळ तिच्यासमोर थांबला, आणि त्याला कुणीतरी शिकवून आणलं होतं, कारण तो शब्दही न चुकता म्हणाला:

"मिस टोनर. तुमच्या दुःखाचं वाईट वाटतं."

आणि तिचा हात गेला. तिने दिला नाही, गेला. लहानपणापासून, आजीच्या वेळी, बापाच्या वेळी, युजीनच्या वेळी, या वसंतात दिवसभर — ते शब्द ऐकले की उजवा हात पुढे होतो, गुडघ्यावर टिचकी मारली की पाय उडतो तसा. एवढ्यावर भागलं नाही. तोंडही उघडलं. "आलात, बरं वाटलं," ती म्हणाली. आणि मग, देवा, "चहा घेणार ना?"

फोटो निघाला. लंडनच्या मुलीने समाधानाने मान हलवली.

त्याने कप घेतला, आभार मानले, आणि कप तसाच हातात घेऊन सभागृहात गेला. एक घोट नाही. डिम्फ्ना आपल्या हाताकडे बघत राहिली. ऊबदार होता त्याचा हात. हे सगळ्यात वाईट. थंडगार, मासळीसारखा असता तर...

"काय केलंस गं हे," हेझेल म्हणाली.

"गेला हात."

"आमच्यात नसतं ना हे. आम्ही नुसती मान हलवतो. म्हणून वाचले." मग, "उद्याच्या पेपरात तू त्याला सँडविच भरवतेयस असं दिसेल. चल. पुढे बसू."

आई पहिल्या रांगेत बसली होती, चांगला कोट घालून, पर्स मांडीवर. आई आजवर एकाही कोर्टात आली नव्हती, एकाही सभेत नाही. आज सकाळी डिम्फ्ना किल्ल्या शोधत होती तोवर ही गाडीत जाऊन बसलेली. का, ते सांगितलं नाही. "मी येतेय," एवढंच. पंच्याऐंशी पार केलेल्या बाईला का विचारून उपयोग नसतो. डिम्फ्ना तिच्या शेजारी बसली, हेझेल पलीकडे. व्यासपीठावर मंत्री, त्याच्या बाजूला डोनल, दारापाशी पोरगेले रक्षक.

मंत्र्याने भाषण केलं. जखमा होत्या, पूल होते, पुढची पिढी होती. मग डोनल म्हणाला, "कुटुंबांच्या वतीने डिम्फ्ना टोनर," आणि ती उभी राहिली.

प्रश्न तयार होता. जिभेवर होता. तुमचा माणूस कोण होता. हे पाच शब्दसुद्धा नाहीत. तिने श्वास घेतला, आणि हेझेल मान वर करून तिच्याकडे बघत होती, अगदी विश्वासाने, बस थांब्यावर शेजारचं माणूस आपली बस बघत असतं तसं... आणि आई समोर बघत होती... आणि मागे सगळा हॉल. तिला पाठीवर जाणवलं — सगळं गाव श्वास रोखून बसलेलं, वसंतात चहाला न बसलेलं गाव. विचारू नको, म्हणत होती ती पाठीवरची शांतता. विचारलंस तर उत्तर येईल.

"चौकश्या पुन्हा कधी सुरू होणार?" डिम्फ्नाने विचारलं.

श्वास सुटला. खरंच ऐकू आला, शंभर माणसांचा सुटलेला श्वास. कुणीतरी टाळी वाजवली. ती खाली बसली आणि सगळ्यांचा, मागच्या प्रत्येक माणसाचा, तिला असा तिरस्कार वाटला की तोंड कडू झालं. त्यांनी काय केलं होतं? काहीच नाही. तिने जे केलं तेच.

मंत्र्यालाही बरं वाटलेलं दिसलं. फार चांगला प्रश्न, तो म्हणाला. नवी यंत्रणा येईल, समतोल असेल, न्यायाधीश असतील. आणि मग, तिने विचारलं नव्हतं तरी, मनाच्या मोठेपणाने तो म्हणाला, "काही कुटुंबांना काही नावं हवी असतात, याची मला जाणीव आहे. पण त्यामागे माणसांचे जीव असतात. ते जपणं आमचं कर्तव्य आहे. म्हणून अशा बाबतीत आम्हाला होही म्हणता येत नाही, नाहीही म्हणता येत नाही."

"कुणाचा जीव?" आई म्हणाली.

बसल्या जागेवरून, साध्या आवाजात, मिठाची बरणी मागावी तशी. मंत्री पुढे वाकला. "माफ करा, मिसेस...?"

"टोनर. कुणाचा जीव जपताय, विचारलं."

"मिसेस टोनर, वैयक्तिक प्रकरणावर मला बोलता—"

"वैयक्तिकच आहे. माझ्या पोटचं आहे."

डोनल उठला. "मिसेस टोनर दमल्यात. आपण जरा चहा घेऊ या सगळे—"

"बस खाली, डोनल. हा विषय तुझ्या हातात नाही ना? मग बस."

डोनल बसला. मागे कुणीतरी हसलं. आई पर्सच्या कडीला धरून हळूहळू उभी राहत होती, आणि डिम्फ्नाने तिची बाही पकडली. घट्ट. कशासाठी पकडली ते तिला पकडल्यावर कळलं — खाली ओढण्यासाठी. गप्प करण्यासाठी. तो वकील उठून आत जायचा, तीच घाई, तीच पकड... राष्ट्राची सुरक्षा. माझ्या घराची सुरक्षा. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी बाहेरून दार ठोकतेय आणि लंडन आतून धरून आहे. आणि मी तर आतच होते, त्यांच्या खांद्याला खांदा लावून, त्याच दाराला पाठ लावून. ठोकतही मीच होते. लंडनला माझी केवढी मदत झाली असेल. त्यांना काही करावंच लागलं नसेल फार.

बोटं आपोआप सैल झाली नाहीत. आज हाताने सगळं स्वतःच्या मनाने केलं होतं. हे मात्र तिला करावं लागलं, एकेक बोट उचलून. तिने आईची बाही सोडली.

"जो जीव तुम्ही जपताय तो गेला," आई मंत्र्याला म्हणाली. "वसंतात. फुप्फुसं गेली होती. आता नका जपू. मालाकी टोनर. माझा थोरला. तुमचा खबऱ्या होता तो."

शब्द पडला. दारापाशी त्या पोरगेल्या रक्षकाने कानातल्या यंत्रावर बोट ठेवलं, जणू कुणी तरी तिकडून सांगेल की आता काय करायचं.

"युजीनचं त्यानेच सांगितलं तुम्हाला. फोनवर बोलला माझ्याशी, शेवटी शेवटी, श्वास लागत होता तरी. त्याला वाटलं होतं, पकडाल. तुरुंगात जाईल, मार खाईल, पण असेल... भेटायला जाता येईल. इतका मूर्ख होता माझा मुलगा. तुमच्यावर विश्वास ठेवला." मंत्री तिच्याकडे बघत होता आणि त्याचा चेहरा पहिल्यांदाच ऐकणाऱ्या माणसाचा नव्हता, ऐकू आलेल्या माणसाचा होता. पण आईचं त्याच्याशी बोलणं झालं होतं. ती वळली, एका हाताने डिम्फ्नाच्या खांद्याचा आधार घेत, तिच्या डोक्यावरून पलीकडे.

"हेझेल. तुझ्या वडिलांचंही त्याने आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं. यांना. कुणीतरी जाईल आणि सांगेल, सकाळी गाडी काढू नका, असं वाटलं त्याला. रात्रभर खिडकीशी उभा होता. कुणी गेलं नाही. आणि तोही नाही गेला."

डिम्फ्ना मध्ये बसली होती, खांद्यावर आईचं सगळं वजन, दुसऱ्या बाजूला हेझेल, जिच्याकडे ती अजून वळली नव्हती. राग होता. तसाच होता, कमी झालेला नव्हता. पण इतकी वर्षं तो पुढे चालत होता आणि ती त्याच्यामागून, वाट त्याला ठाऊक होती. आता तो थांबला होता. हेझेलचा श्वास ऐकू येत होता, अगदी जवळ. आत, बाहेर. आणि त्याच्यानंतर जे येईल ते — शिव्या, हात, उठून जाणं, काहीही — ते झेलायला डिम्फ्नाने, कुणी सांगितलं नसताना, मान वळवली.